जुने डॉक्टर वेड कसं उतरवायचे, आणि आमची बायो आत्या

मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. टाय लावून, जड बॅग घेऊन डॉक्टरच्या दाराशी उभा असलेला तो माणूस, ज्याच्याकडे बसलेले पेशंट रागाने बघतात की हा आता मध्येच घुसणार, तो मी. या धंद्यात बावीस वर्षं झाली, त्यातली शेवटची तेरा सायकियाट्री डिव्हिजनला. एरिया दादर ते सायन. स्किनच्या डॉक्टरकडे पाच मिनिटांत तीन पेशंट बाहेर येतात, सायकियाट्रिस्टकडे एकच पेशंट पाऊण तास आत बसतो, त्यामुळे आमची अर्धी नोकरी म्हणजे वेटिंग. मोबाइल बघून बघून डोळे दुखायला लागले की माणूस काहीही वाचतो, कॅलेंडरच्या मागचं भविष्य, बीपीचं पोस्टर, काहीही.

तर दोन वर्षांपूर्वी जुलैत असाच अडकलो. हिंदमाताला नेहमीप्रमाणे तुंबलं होतं, गाड्या बंद, पेशंट कोणी आले नाहीत, आणि एक वयस्कर डॉक्टर म्हणाले की आता कुठे जातोस पाण्यात, बस इथेच. त्यांच्या कपाटात सायकियाट्रीच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं होती. मी काढून चाळायला लागलो आणि संध्याकाळपर्यंत उठलोच नाही. तेव्हापासून हा नाद लागलाय. मिसेस म्हणते दिवसभर वेडाच्या गोळ्या विकतोस आणि रात्री वेडाचाच इतिहास वाचतोस, तुझंच काहीतरी बघायला हवं.

पहिला धक्का ट्रँक्विलायझर या शब्दाने दिला. हा शब्द मी हजार वेळा तोंडातून काढला असेल, आणि माझ्या डोक्यात ट्रँक्विलायझर म्हणजे मन शांत करणारी गोळी, दहाची स्ट्रिप. तर १८११ च्या सुमारास ट्रँक्विलायझर म्हणजे खुर्ची होती, चक्क लाकडी खुर्ची! फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश, अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्यांची सही आहे ते, त्यांनी बनवून घेतली. छाती, दंड, पाय पट्ट्यांनी आवळलेले, डोक्यावर लाकडी खोका म्हणजे इकडेतिकडे बघायला नको, आणि खाली बादली, कारण माणसाला तासन्तास उठवायचंच नाही. रश यांचं म्हणणं असं की वेड हा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा रोग आहे, तिकडे रक्ताचा जोर फार होतो, म्हणून माणूस जितका हलणार नाही तितकं रक्त निवळेल. याच हिशेबाने ते शिरा कापून भरपूर रक्तही काढायचे. आणि हा माणूस कोणी भोंदू नव्हता बरं का, पेशंटला नीट वागवा, त्याला काम द्या, त्याच्याशी बोला असंही तोच सांगायचा. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या शिक्क्यावर कित्येक वर्षं त्याचाच चेहरा होता.

हे वाचल्यावर साहजिकच वाटलं की हे गोरे असलेच, आपल्याकडे असलं काही नसणार. व्हॉट्सॲपवर येतं ना, आपल्याकडे सगळं आधीच होतं. म्हणून चरक बघितला. संस्कृत मला दहावीपुरतं, पण मराठी अर्थासकट मिळतो.

आणि खरं सांगतो, सुरुवातीला मान ताठ झाली. उन्मादाची, म्हणजे वेडाची, व्याख्या काय आहे बघा, मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा, आचार या आठ गोष्टी बिघडणं. यातली भक्ती म्हणजे देवभक्ती नाही, भक्ती म्हणजे आवड. माणसाची आवडच बदलणं. आमच्या ट्रेनिंगमध्ये डिप्रेशनचं लक्षण म्हणून हेच शिकवतात, पूर्वी जे आवडायचं त्यात रस उरत नाही. मला एकदम बायो आत्या आठवली. बाबा सांगायचे की आजारी पडली त्याची पहिली खूण काय, तर तिने मासे सोडले. माशाच्या डोक्यावरून भावंडांशी भांडणारी मुलगी, तिच्यापुढे सुरमईची तुकडी ठेवली तर बघतसुद्धा नव्हती. घरच्यांना वाटलं उपास धरला.

प्रकार पाच. वाताचा, पित्ताचा, कफाचा, तिन्हीचा मिळून, आणि पाचवा आगंतुक, म्हणजे बाहेरून आलेला, देव, गंधर्व, पिशाच्च वगैरे. आता इथे माणूस म्हणेल की आलंच शेवटी भूत. पण निदानस्थानात, म्हणजे रोग ओळखायच्या भागात, एक श्लोक आहे तो मी लिहून ठेवलाय:

नैव देवा न गन्धर्वा न पिशाचा न राक्षसाः।
न चान्ये स्वयमक्लिष्टमुपक्लिश्नन्ति मानवम्॥

ज्याचं स्वतःहून काही बिघडलेलं नाही त्या माणसाला देव, गंधर्व, पिशाच्च, राक्षस कोणीही त्रास देत नाही. आणि पुढे म्हणतो, आपल्या चुकीने झालेल्या रोगाचा दोष शहाण्याने देवांना, पितरांना, राक्षसांना देऊ नये. दोन हजार वर्षांच्या आसपासचा हा ग्रंथ आणि आमच्या गावात १९६९ साली आत्यासाठी घाडी, म्हणजे भूत उतरवणारा, बोलावून कोंबडं कापलं. अर्थात त्याच चरकात पुढे होम, बळी, मंत्रही आहेत, म्हणजे वैद्याने दोन्ही दरवाजे उघडे ठेवलेले. घरच्यांना होम हवा असेल तर होम करा, पण औषध थांबवू नका, असं आजचे डॉक्टरही करतातच की. मी स्वतः एका ओपीडीत ऐकलंय, डॉक्टर आईला सांगत होते, गाणगापूरला न्यायचं तर खुशाल न्या, गोळ्यांचा डबा तेवढा सोबत ठेवा.

औषधं म्हणाल तर ओकारी, जुलाब, नाकात थेंब, डोळ्यांत अंजन, आणि तूप. तुपावर तर भारी भर. दहा वर्षं ठेवलेलं, उग्र वासाचं, लाखेच्या रसासारख्या रंगाचं जुनं तूप. आत्याला गावच्या वैद्याने हे दिलेलं, बाबांना अजून तो वास आठवतो, म्हणतात की तूप पोटात गेल्यावर वेडी काय शहाणी माणसंही ओरडतील.

पण मग चिकित्सास्थानात, म्हणजे उपचारांच्या भागात, पुढे गेलो आणि मान परत खाली आली. पेशंट औषधाने ऐकत नसेल तर त्याला भीती घाला. दात काढलेला साप अंगावर सोडा. शिकवलेला हत्ती किंवा सिंह समोर आणा. हातात शस्त्रं घेतलेली माणसं, चोर, शत्रू यांच्याकडून दरडावा. राजाच्या शिपायांनी बांधून बाहेर न्यावं आणि सांगावं की राजाने तुला मारायचा हुकूम दिलाय. आणि का, त्याचं कारणही दिलंय, शरीराच्या दुःखापेक्षा जिवाची भीती मोठी, त्या भीतीने सगळीकडे उधळलेलं मन जागेवर येतं.

आता हे वाचून हसू नका, कारण हीच आयडिया जगभर सापडते, जणू सगळे वैद्य एकाच कॉलेजात शिकलेले. रोमचा सेल्सस, इसवी सनाच्या पहिल्या शतकातला, तो सांगतो बेड्या घाला, उपाशी ठेवा, मारा, अचानक दचकवा. १८०४ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ मेसन कॉक्स यांनी वेडावरच्या पुस्तकात झोक्याचा उपाय सांगितला, म्हणजे पेशंटला खुर्चीत बांधायचं, खुर्ची छताला टांगायची आणि गरागरा फिरवायची, ओकारी होईपर्यंत. जत्रेतला पाळणा आठवा आणि त्यात हातपाय बांधून बसवलेत असं समजा. इंग्लंडच्या राजालाही हे चुकलं नाही. तिसरा जॉर्ज १७८८ मध्ये भ्रमिष्ट झाला तर फ्रान्सिस विलिस नावाचे पाद्रीबाबा कम डॉक्टर बोलावले, त्यांनी राजालाच बाह्या मागे बांधायचं जॅकेट घातलं. पायांवर फोड आणणारे लेप लावून पू काढणं हा उपाय त्याच्या डॉक्टरांनी केला, हेतू हा की डोक्यातला दोष खाली उतरावा. ज्या राजाने अमेरिका घालवली त्याला खुर्चीत बांधणारे इथे आणि अमेरिका मिळवणारे रश तिथे खुर्च्या बनवतायत, गंमतच आहे.

आणि विसाव्या शतकात हे थांबलं असं नाही, भीतीच्या जागी शरीराचा झटका आला इतकंच. व्हिएन्नाचे वाग्नर-यौरेग यांनी १९१७ मध्ये सिफिलिसने मेंदू बिघडलेल्या पेशंटना मुद्दाम मलेरिया दिला. ताप चढवायचा, तापाने जंतू मरतील, मग क्विनाइन देऊन मलेरिया उतरवायचा. (मुंबईत दर पावसाळ्यात फुकट मिळतो तो.) काही पेशंट त्यात दगावायचे पण बरेच खरंच सुधारायचे, तोपर्यंत त्या आजाराला दुसरा काहीच इलाज नव्हता, आणि १९२७ चं नोबेल त्यांना मिळालं. पेनिसिलिन आल्यावर हा प्रकार संपला. मग इन्सुलिन देऊन कोमात नेणं आलं, मग १९३८ मध्ये रोममध्ये सेर्लेत्ती आणि बिनी यांनी विजेचा शॉक आणला. आणि पोर्तुगालचे एगास मोनिझ, त्यांनी १९३५ मध्ये कवटीला भोक पाडून मेंदूच्या पुढच्या भागातले धागे तोडायला सुरुवात केली, त्यांनाही १९४९ चं नोबेल. यातलं शॉक ट्रीटमेंट आजही आहे, आणि ते आहे कारण ते चालतं, भूल देऊन, स्नायू सैल करणारं इंजेक्शन देऊन, खूप वाईट डिप्रेशनमध्ये माणूस जेवायचाच बंद झाला असेल तर त्याने जीव वाचतो हे मी वॉर्डात बघितलंय. २०१७ च्या कायद्याने भूल न देता शॉक द्यायला बंदी आहे. हे मुद्दाम लिहितोय कारण सिनेमात बघून लोक घाबरतात आणि पेशंटला उठवून घरी नेतात.

मग प्रश्न पडतो की ही माणसं मूर्ख होती का? मला नाही वाटत. कधीकधी मोठा झटका बसला की आजारी मन खरंच हलतं, हे त्यांनी बघितलं होतं, त्यांची नजर चांगली होती. चूक पुढच्या पायरीवर, म्हणजे हे का घडलं ते आपल्याला कळलंय अशी खात्री. चरकाला दोषांची खात्री, जुन्या ग्रीक वैद्य गॅलनला काळ्या पित्ताची, रशला रक्ताच्या जोराची.

आणि मला, सेरोटोनिन नावाच्या मेंदूतल्या रसायनाची. हे लिहायला जरा जड जातंय, पण लिहितो. आमच्याकडे व्हिज्युअल एड म्हणून एक गुळगुळीत फोल्डर असायचं, त्यात दोन मज्जातंतूंचं चित्र, मधल्या फटीत केशरी गोळ्या, डावीकडे दुःखी माणूस गोळ्या कमी, उजवीकडे हसरा माणूस गोळ्या भरपूर. सर, डिप्रेशनमध्ये सेरोटोनिन कमी होतं आणि आमचा मॉलिक्यूल ते बॅलन्स करतो. बॅलन्स! चरकाच्या दोषांचं संतुलन, गॅलनच्या शरीरातल्या चार द्रवांचं संतुलन, केमिकलचं संतुलन. तेच वाक्य, फक्त ग्लॉसी पेपरवर. २०२२ मध्ये जुन्या सगळ्या अभ्यासांचा मोठा आढावा छापून आला त्यात निघालं की डिप्रेशन म्हणजे सेरोटोनिन कमी याला ठोस पुरावा सापडत नाही. त्या हिंदमातावाल्या डॉक्टरांना मी विचारलं तर ते हसले, म्हणाले अरे आम्ही ते कधीच इतकं सरळ धरलं नव्हतं, तुमच्या फोल्डरला ते सोपं पडायचं. गोळी कित्येकांना लागू पडते, पण का ते चित्रासारखं सोपं नाही. (कोणी घेत असाल तर हे वाचून बंद करू नका प्लीज, अचानक बंद केलं तर फार त्रास होतो, डॉक्टरला विचारा.)

आमच्या मुंबईचा या सगळ्यात एक मानाचा नंबर आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. सर्पगंधा. बिहारकडे तिला पागल की दवा म्हणतात. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की ही मुळी वेडावर आणि ब्लडप्रेशरवर चालते. बाहेर कोणी लक्ष दिलं नाही. मग आपल्या मुंबईचे हार्टचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटनच्या जर्नलमध्ये ब्लडप्रेशरच्या पेशंटवरचा अनुभव छापला आणि जगाचे डोळे उघडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं आणि १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. १९५७ मध्ये वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. क्लोरप्रोमाझिन हे वेडावरचं दुसरं औषध पॅरिसमध्ये १९५२ मध्येच आलं आणि जास्त चांगलं निघालं, त्यामुळे रेसर्पिन मागे पडलं, पण काही वर्षं तरी अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत आपली मुळी चालत होती. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे एका ओळीतसुद्धा नव्हतं.

बाकी इथे साहेबाने १८२६ मध्ये कुलाब्याला वेड्यांचं इस्पितळ काढलं, १९०१ मध्ये ठाण्याचं झालं, नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचं, आणि तेव्हापासून ठाणे हे गावाचं नाव राहिलं नाही, शिवी झाली. आमच्या चाळीत कोणी जरा वेगळं वागलं की, याला ठाण्याला टाका. पुण्याकडे येरवडा तसं. १९३८ मध्ये जे. जे.मध्ये मसाणी यांनी साध्या हॉस्पिटलात मनाच्या आजारांचं क्लिनिक सुरू केलं ही मोठी गोष्ट होती, म्हणजे ताप-खोकल्याच्या रांगेशेजारी ही रांग, नाव ठेवायला जागा नाही. पण आमच्या आजोबांपर्यंत फक्त ठाणे पोचलं होतं. त्यांनी आत्याला ठाण्याला पाठवलं नाही, आणि आमच्या घरात ही गोष्ट नेहमी अभिमानाने सांगितली जायची. लोक टाकतात, आम्ही टाकली नाही.

हा अभिमान मला लंडनच्या बेथलेम हॉस्पिटलबद्दल वाचताना नडला. हेच ते बेडलम, १२४७ मध्ये मठ म्हणून सुरू झालेलं, जिथे पुढे लोक टाइमपास म्हणून वेडे बघायला जायचे, राणीच्या बागेत जातो तसे. तिथे १८१४ मध्ये एडवर्ड वेकफील्ड नावाचा माणूस पाहणीला गेला तर त्याला जेम्स नॉरिस सापडला. गळ्यात लोखंडी कडं, ते भिंतीतल्या खांबाला साखळीने अडकवलेलं, कमरेला, दंडांना लोखंडी पट्टे. दहाएक वर्षं असा. सभ्यपणे बोलत होता, वर्तमानपत्र वाचत होता, आणि भिंतीपासून पावलाच्या अंतरापलीकडे जाऊ शकत नव्हता. चित्र छापून आलं, संसदेची कमिटी बसली. मी ते चित्र मोबाइलवर मोठं करून बघत होतो, आणि का कोण जाणे, कडं बघता बघता आत्याचा घोटा आठवला.

बायो आत्या आमच्याकडे १९७४ पासून. लालबागला चाळीतली दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही सहा जण, सातवी आत्या. केईएमच्या ओपीडीतून गोळ्या चालू झाल्या त्या शेवटपर्यंत. गोळ्यांनी तिचे हात थोडे थरथरायचे पण कोलंबी ती आमच्या आईपेक्षा भराभर सोलायची आणि मासे परत खायला लागली होती. तिच्या उजव्या घोट्यावर काळा, जाड, गोल डाग होता. आम्ही पोरं विचारायचो तर म्हणायची, लहानपणी चांदीचा वाळा होता, तो रुतला. आम्हाला खरं वाटायचं. ती २००३ ला गेली.

मी बाबांना नॉरिसचं चित्र दाखवलं. ते आता एक्याऐंशीचे, डोळ्यांना कमी दिसतं, त्यांनी मोबाइल नाकाशी धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आमच्याकडे लोखंड नव्हतं, सुंभ होता. पडवीतल्या खांबाला. दिवसा बांधायची, रात्री आजी तिच्याजवळ झोपायची म्हणून सोडायची. विहिरीकडे धावत जायची म्हणून बांधली होती, दोनदा काठावरून धरून आणली होती. वैद्यानेच सांगितलेलं की बांधून ठेवा. किती वर्षं? पाच असतील.

त्या रात्री मी चरक परत काढला, कारण मला आठवत होतं की बांधण्याबद्दलही काहीतरी आहे. आहे. पेशंट आवरेना तर पट्ट्यांनी बांधून अंधाऱ्या खोलीत ठेवावं, खोलीतून लोखंड, लाकूड असलं काही असेल ते काढून टाकावं. आणि पट्ट्यांसाठी शब्द वापरलेत सुदृढैः सुखैः, घट्ट पण सुखाच्या, रुतू नयेत अशा. एवढा एक शब्द, सुखैः. तो आमच्या गावच्या वैद्यापर्यंत येता येता कुठे गळून पडला काय माहीत. तिथेच शेजारी असंही लिहिलंय की ज्याचं मन आवडती वस्तू गेल्याने मोडलंय त्याला तसंच दुसरं काही मिळवून द्यावं, समजवावं, धीर द्यावा. आत्याचं ठरलेलं लग्न मोडलं होतं त्या वर्षी. हे कोणी वैद्याला सांगितलं होतं का, बाबांना आठवत नाही. साप आणि सिंह लोकांच्या लक्षात राहतात आणि ही ओळ राहत नाही, माझ्याही राहिली नव्हती पहिल्या वाचनात.

धीर देणारे, डोकं लावणारे वैद्यही होते हो, म्हणजे सगळे दोऱ्याच घेऊन नव्हते. इब्न सीना या हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याची गोष्ट तर मला इतकी आवडते की मी दोन-तीन डॉक्टरांना डिटेलिंगच्या, म्हणजे औषधाची माहिती द्यायच्या, वेळात सांगितलीय. बाराव्या शतकातल्या एका फारसी लेखकाने लिहून ठेवलीय, खरी-खोटी देव जाणे. एका राजपुत्राला वाटायला लागलं की आपण गाय आहोत. हंबरायचा, आणि म्हणायचा मला कापा, माझं मांस शिजवा. खाणं बंद, औषध घेईना. इब्न सीनाने निरोप पाठवला की खाटीक येतोय, राजपुत्र खूश. मग हा सुरी घेऊन आला, विचारलं गाय कुठाय, तो हंबरून आडवा पडला, हातपाय बांधले, इब्न सीनाने बरगड्या चाचपल्या आणि तोंड वाकडं करून म्हणाला, छे, फारच रोड आहे, आधी खायला घाला, पुष्ट झाली की येतो. राजपुत्र पटापट जेवायला लागला, जेवणातून औषध गेलं, महिन्याभरात माणसात आला. तू गाय नाहीस असं त्याला एकदाही सांगितलं नाही. आमच्या घरी आत्याला सगळे दिवसभर तेच सांगत होते, तसं काही नाही, तुला भास होतोय, गप बस.

तुर्कस्तानात एदिर्नेला १४८८ मध्ये बांधलेल्या इस्पितळात दहा गवई-वादक ठेवले होते, आठवड्यातून तीनदा येऊन पेशंटपुढे वाजवायचे, सतराव्या शतकातल्या एवलिया चेलेबी या प्रवाशाने वर्णन केलंय. आणि बेल्जियममधलं खेल नावाचं गाव, तिथे मध्ययुगापासून लोक वेड्यांना आपापल्या घरी ठेवून घेतात, डॉक्टर नव्हे, साधे शेतकरी. एका संताच्या देवळाला पेशंट यायचे, देवळात जागा पुरेना म्हणून घरोघरी ठेवले, ते आजतागायत. आपल्याकडेही दर्ग्यांना, देवळांना असे लोक येतात, पण तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ जण जळून गेले. देऊळ, दर्गा, घर, हॉस्पिटल, जागेने काही ठरत नाही बहुतेक.

आता शेवटचं, जे मी बाबांना सांगितलं. पॅरिसमध्ये पिनेल नावाचे डॉक्टर होते, त्यांनी वेड्यांच्या बेड्या तोडल्या अशी प्रसिद्धी आहे, १८७६ मधलं मोठं पेंटिंग आहे त्याचं, मध्ये रुबाबदार पिनेल उभे, एका बाईच्या साखळ्या काढल्या जातायत, दुसरी त्यांच्या हाताचं चुंबन घेतेय. प्रत्यक्षात पुरुषांच्या बिसेत्र हॉस्पिटलात बेड्या १७९७ मध्ये काढल्या त्या ज्याँ-बातिस्त प्युसँ याने. हा डॉक्टर नव्हता, कातडी कमावणारा होता, गंडमाळा झाल्या म्हणून त्याच हॉस्पिटलात पेशंट म्हणून आला होता आणि तिथेच वॉर्डाचा मुकादम झाला. पिनेल तोपर्यंत दुसऱ्या हॉस्पिटलात गेले होते, त्यांनी तिकडे बेड्या काढल्या त्या नंतर. पिनेलने स्वतः हे लिहूनही ठेवलं होतं, पण चित्र काढणाऱ्याला मुकादम कशाला हवाय.

बाबा गिरणीत होते, मुकादम म्हटल्यावर त्यांचे कान टवकारले. म्हणाले, त्येका पेन्शन गावली काय?

मी म्हटलं ते माहीत नाही, पण बाबा, आत्याला कोणी सोडलं? म्हणजे शेवटी ठरवलं कोणी, वैद्याने, आजोबांनी?

"कोण सोडतलो?" बाबा म्हणाले. "एस्टीत बसवूची होती मा तिका. दोरी बघून कंडक्टरान वर घेतल्यान नसता."

म्हणजे मुंबईला आणताना. मालवण ते मुंबई, रात्रभराची एसटी, बाबा आणि आत्या खिडकीशी. सुंभ काढून पिशवीत ठेवला होता, वाटेत लागला तर म्हणून. लागला नाही. महाडला उतरून तिने चहा घेतला आणि परत जागेवर येऊन बसली.

मी विचारलं, मग त्या सुंभाचं काय केलंत?

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की हा काय प्रश्न. "गॅलरीत कपडे वाळत घालूक बांधललो, तो कसलो मगे?"

माझ्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर पाठीमागे आडवी तपकिरी रेघ असायची. आई म्हणायची दोरीचा रंग लागतो, आणि ती साबणाने कधीच गेली नाही.